ओटीवरच्या गप्पा : दश्शी काढलेलं एकवीस

मागच्या अंकात आम्ही शेवयांच्या खिरीवर लिहिलं, आणि त्यावर बऱ्याच भगिनींचे फोन आले. त्यातला एक न्यू जर्सीहून होता. खिरीचं कौतुक दोन मिनिटांत आटोपलं आणि मग बाईंचा आवाज खाली आला. म्हणाल्या, "दादा, तुम्हाला पत्त्यातलं कळतं ना? आमचे हे दर मंगळवारी बसने ॲटलांटिक सिटीला जातात. तिथे स्पॅनिश एकवीस की काय ते खेळतात. मी काही बोलले की म्हणतात, तुला खेळ कळत नाही, त्यात आपलं एकवीस झालं की आपण जिंकलोच, हा कॅसिनोला तोट्याचा खेळ आहे. आता मला खरंच कळत नाही, तर मी बोलणार काय? तुम्ही एकदा नीट समजावून लिहा."

बाईंचं नाव आम्ही लिहिणार नाही. त्यांचे यजमानही हा अंक वाचतात, आणि ते सज्जन गृहस्थ आहेत. आयुष्यभर नोकरी केली, मुलं शिकवली, कुणाचा एक पैसा बुडवला नाही. तेव्हा हा लेख त्यांच्यावर टीका करायला नाही. भावोजी, तुम्हीही वाचा आणि आमचं कुठे चुकलं तर कळवा.

आधी आमची कबुली देऊन टाकतो. आम्हीही या टेबलावर बसलो आहोत. २०२३ साली धाकट्या भावाकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा तो आम्हाला समुद्र दाखवायला ॲटलांटिक सिटीला घेऊन गेला. समुद्र दहा मिनिटांत बघून झाला. पुढचे दोन तास काय झालं ते पुढे सांगतो.

आपल्या लोकांना पत्ते नवे नाहीत. अलिबागेकडे पावसाळ्यात बाहेर पडता येत नसे, तेव्हा ओटीवर झब्बू, बदाम सात, मेंढीकोट असे डाव रंगत. मुंबईला भायखळ्याच्या खोलीत आम्ही भावंडं चिंचोके लावून एकवीस खेळायचो. हरलेल्याने पाणी भरायचं. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतही हनुक्काच्या रात्री क्वित्लाख नावाचा खेळ चाले. त्याच्या पानांवर १ ते १२ आकडे असतात, आणि तिथेही एकवीसच्या जवळ जायचं असतं. तेव्हा एकवीसचं वेड जुनं आहे. फरक एवढाच की घरच्या खेळात या खिशातला चिंचोका त्या खिशात जातो, आणि कॅसिनोत एक खिसा असा असतो की त्याला कायमच थोडं जास्त मिळेल अशी व्यवस्था आधीच केलेली असते. ती कशी करतात, हे स्पॅनिश एकवीसमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसऱ्या खेळात दिसत नाही.

आधी साधा ब्लॅकजॅक

ज्यांना हा खेळ माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.

टेबलाच्या एका बाजूला डीलर, दुसऱ्या बाजूला पाच-सहा खेळणारे. खेळणारे एकमेकांशी खेळत नाहीत. प्रत्येकाचा सामना डीलरशी. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानावर जितके ठिपके तितके गुण. गुलाम, राणी, राजा यांचे प्रत्येकी १०. एक्का १ किंवा ११, आपल्याला सोयीचा असेल तो. रंगाला, म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांना, साध्या ब्लॅकजॅकमध्ये काही किंमत नाही.

तुम्ही पैसे लावले की तुम्हाला दोन पानं उघडी मिळतात. डीलर स्वतःला दोन घेतो, एक उघडं, एक पालथं. मग तुम्ही आणखी पान मागायचं किंवा थांबायचं. बेरीज २१ च्या वर गेली की तुम्ही बाद, पैसे लगेच गेले. सगळे थांबल्यावर डीलर आपलं पालथं पान उघडतो. त्याला मनाप्रमाणे खेळता येत नाही. १७ होईपर्यंत पान घ्यायचंच आणि १७ किंवा वर झाले की थांबायचं, असा नियम त्याला बांधलेला असतो. तो २१ च्या वर गेला तर जे शिल्लक आहेत ते सगळे जिंकले. नाहीतर ज्याची बेरीज मोठी तो जिंकला, सारखी असेल तर आपले पैसे आपल्याला परत. पहिल्या दोनच पानांत एक्का आणि दहाचं पान आलं तर तो ब्लॅकजॅक. त्याला दोनाला तीन मिळतात, म्हणजे २० डॉलरवर ३०.

कॅसिनोचा फायदा कुठून येतो? तुम्ही आधी खेळता, आणि तुम्ही बाद झालात की डीलर नंतर बाद झाला तरी तुमचे पैसे परत येत नाहीत. या खेळाचं मूळ एवढंच. बाकी सगळं त्यावरचं नक्षीकाम.

मग त्यातून काय काढलं?

स्पॅनिश एकवीस हा खेळ अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये १९९५ पासून आहे. स्पेनमधल्या जुन्या पत्त्यांच्या जोडात ठिपक्यांची दश्शी नसते, ४८ पानं असतात. तेच इथे केलं आहे. आपल्या नेहमीच्या जोडातून चारही दश्श्या काढून टाकायच्या. गुलाम, राणी, राजा तसेच राहतात. असे सहा किंवा आठ जोड एकत्र पिसून पेटीत घालतात. सहा जोड म्हणजे २८८ पानं.

चार पानं काढली तर काय मोठं बिघडलं, असं आम्हालाही वाटलं होतं. पण ती नेमकी कोणती चार काढली ते पाहा. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने १९६२ साली 'बीट द डीलर' हे पुस्तक लिहिलं. त्याने हिशेबाने दाखवलं की पेटीत दहाची पानं जास्त असली की खेळणाऱ्याचा फायदा, कमी असली की डीलरचा. कारण सोपं आहे. डीलरची बेरीज १२ ते १६ असेल तर त्याला पान घ्यावंच लागतं, आणि दहाचं पान आलं की तो बाद होतो. आपण मात्र तिथे थांबू शकतो. शिवाय ब्लॅकजॅकला दहाचं पान लागतंच, आणि तो आला की आपल्याला दीडपट मिळतात, डीलरला मिळत नाहीत. ११ वर पैसे दुप्पट करतो तेव्हाही आपण दहाच्याच पानाची वाट बघत असतो.

साध्या जोडात ५२ पैकी १६ पानं दहाची. स्पॅनिश जोडात ४८ पैकी १२. म्हणजे जवळजवळ तीनात एक होतं ते चारात एक झालं. सहा जोडांचा हिशेब केला तर ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा यायचा, तो इथे २४ हातांत एकदा येतो. नुसत्या दश्श्या काढल्या आणि बाकी काहीच बदललं नाही, तर कॅसिनोचा वाटा शेकडा दोनने वाढतो. असा खेळ कोण खेळेल? म्हणून मग परत देणं आलं.

आणि काय परत दिलं?

भावोजी सांगतात ते इथपासून सुरू होतं, आणि ते खोटं नाही. पुष्कळ दिलं आहे.

एक. तुमचं २१ झालं की तुम्ही जिंकलात, डीलरचंही नंतर २१ झालं तरी. तुमचा ब्लॅकजॅकही डीलरच्या ब्लॅकजॅकवर मात करतो. पण डीलरचं उघडं पान एक्का किंवा चित्राचं असेल तर तो आधी पालथं पान तपासतो. त्याला ब्लॅकजॅक असेल तर तुम्हाला तीन पानांत २१ करायची संधीच मिळत नाही.

दोन. कितीही पानं घेतल्यावर पैसे दुप्पट करता येतात. दुप्पट केल्यावर हात वाईट झाला, पण बाद झाला नाही, तर पहिली रक्कम सोडून द्यायची आणि नंतर ठेवलेली परत घ्यायची, अशीही सवलत आहे.

तीन. पहिल्या दोन पानांवरच हात नकोसा वाटला तर अर्धे पैसे देऊन सुटका करून घेता येते.

चार. सारखी दोन पानं आली की जोडी फोडून दोन हात करता येतात. एक्के फोडले तरी प्रत्येकावर हवी तितकी पानं घेता येतात. साध्या खेळात बहुतेक ठिकाणी एकच पान देतात.

पाच. बक्षिसं. पाच पानांत २१ केलं तर दोनाला तीन, सहा पानांत केलं तर दुप्पट, सात किंवा जास्त पानांत तिप्पट. छक्की, सत्ती, अठ्ठी मिळून २१ झालं, किंवा तीन सत्त्या आल्या, तर दोनाला तीन. ती तिन्ही एका रंगाची असतील तर दुप्पट, तिन्ही इस्पिकची असतील तर तिप्पट. मात्र पैसे दुप्पट केलेल्या हाताला बक्षीस नाही.

सहा. मोठं बक्षीस. तीन सत्त्या एकाच रंगाच्या आणि डीलरचं उघडं पानही सत्ती, तर ५ ते २४ डॉलर लावणाऱ्याला १,००० डॉलर आणि २५ किंवा जास्त लावणाऱ्याला ५,००० डॉलर. टेबलावरच्या बाकी सगळ्यांनाही ५०-५०.

हे वाचून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. म्हणून या शेवटच्या बक्षिसाचा हिशेब आम्ही कागद-पेन्सिल घेऊन केला. सहा जोडांच्या खेळात हा योग सुमारे ६ लाख ६८ हजार हातांत एकदा येतो. तासाला ६० हात, रोज आठ तास, शाब्बाथलासुद्धा सुट्टी न घेता खेळलं तर जवळजवळ चार वर्षांत एकदा. बाई, भावोजींनी या बक्षिसाची गोष्ट सांगितली तर त्यांना एवढंच विचारा की ते त्यांनी स्वतः पाहिलं आहे, की ऐकलं आहे.

बाकीच्या सवलती मात्र खऱ्या आहेत. त्या सगळ्या अचूक वापरल्या तर कॅसिनोचा वाटा बराच खाली येतो. डीलर एक्का धरून झालेल्या १७ वर थांबत असेल तर शंभर डॉलरमागे साधारण ४० सेंट, आणि तिथे पान घेत असेल तर साधारण ८० सेंट. कोणता नियम आहे ते टेबलाच्या कापडावरच लिहिलेलं असतं. हल्ली पुष्कळ ठिकाणी साध्या ब्लॅकजॅकला दोनाला तीनऐवजी पाचाला सहा देतात आणि त्याने कॅसिनोचा वाटा शेकडा १.४ च्या आसपास वाढतो. त्या टेबलापेक्षा स्पॅनिश एकवीस बरं, हे भावोजींचं म्हणणं आम्ही मान्य करतो. कॅसिनोला तोट्याचं, हे मात्र नाही.

आणि "अचूक वापरल्या तर" हे शब्द पुन्हा वाचा. या खेळाला साध्या ब्लॅकजॅकची सवय चालत नाही. ब्लॅकजॅकमध्ये आपली बेरीज १२ आणि डीलरची पंजी किंवा छक्की असेल तर थांबतात, डीलर बाद होईल या आशेवर. स्पॅनिश एकवीसमध्ये १२ वर नेहमी पान घ्यायचं, डीलरचं काहीही असो. कारण १२ वर आपल्याला बाद करणारं फक्त दहाचं पान, आणि ते आता चारात एकच आहे. डीलर बाद होण्याचा संभवही त्याच कारणाने कमी झाला. १४ वरसुद्धा डीलरची दुर्री किंवा तिर्री असेल तर पान घ्यायचं. चार, पाच किंवा सहा पानं हातात असतील तर बक्षिसामुळे हिशेब आणखी बदलतो. हे सगळं एका तक्त्यात छापलेलं मिळतं. ते पाठ नसेल तर दिलेल्या सवलतींतल्या अर्ध्या तुम्ही टेबलावरच सोडून येता, आणि काढलेल्या दश्श्या मात्र पूर्ण काढलेल्या असतात.

टेबलावर बसल्यावर

जायचंच असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. वय २१ पूर्ण पाहिजे. बसण्याआधी टेबलावरची पाटी बघा, कमीत कमी किती लावायचे ते लिहिलेलं असतं. नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा, तो मोजून चिप्स देईल. पानं उघडी वाटली असतील तर त्यांना हात लावायचा नाही. पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक करा, नको तर तळवा खाली करून हात आडवा फिरवा. तोंडाने बोलून भागत नाही, वर कॅमेरे असतात आणि त्यांना खूण दिसावी लागते. एकदा पैसे लावले आणि पानं पडायला लागली की त्या चिप्सना शिवायचं नाही.

बाजूला आणखी एक लहान गोल असतो. तुमचं पान डीलरच्या उघड्या पानाशी जुळेल अशी पैज त्यात लावतात. तिथे कॅसिनोचा वाटा शेकडा तीनच्या आसपास आहे. तो गोल रिकामाच ठेवावा.

आमचा विमा

आता आमची गोष्ट. आम्ही मुंबईला २२ वर्षं एका विमा कंपनीत कारकुनी केली. इथे आल्यावर विम्याला हिब्रूत बितुआह म्हणतात हे शिकलो, आणि आता पेन्शनही बितुआह लेउमीकडून येते. म्हणजे आमचं सगळं आयुष्यच विम्यावर उभं. त्या दिवशी खिशात २०० डॉलर होते, एका हाताला २० लावत होतो. डीलरचा एक्का उघडा पडला. त्याने सगळ्यांकडे बघून विचारलं, "इन्शुरन्स?"

हा शब्द ऐकल्यावर आमच्यासारखा माणूस नाही कसा म्हणेल? नियम असा की लावलेल्या पैशांच्या अर्धे वेगळे ठेवायचे. डीलरचं पालथं पान दहाचं निघालं तर त्यावर दुप्पट मिळतात, नाही निघालं तर ते गेले. दोन तासांत एक्का नऊ वेळा आला. नऊ वेळा आम्ही १० डॉलरचा विमा उतरवला. दोनदा मिळाले, सातदा गेले. ४० आले आणि ७० गेले. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, ती प्रत्येक वेळी आमच्याकडे बघून मान हलवायची. आम्हाला वाटलं, बिचारीला विम्याचं महत्त्व कळत नाही.

बाकीचे पैसे १२ वर थांबून थांबून गेले. दोन तासांत खिसा रिकामा. भावाने कॉफी पाजली.

घरी आल्यावर हिशेब केला आणि स्वतःचीच लाज वाटली. सहा जोडांत एक्का दिसत असताना उरलेल्या २८७ पानांत दहाची ७२. म्हणजे विमा साधारण चारात एकदा फळतो. फळला की एकाला दोन मिळतात. बरोबरीला यायचं तर तीनात एकदा फळायला हवा होता. या विम्यात शंभर डॉलरमागे जवळजवळ २५ डॉलर कॅसिनोचे. साध्या ब्लॅकजॅकमध्येही विमा तोट्याचाच आहे, पण तिथे शंभरामागे सात-साडेसात जातात. इथे दश्श्या काढून टाकल्या आणि विम्याचा भाव तोच ठेवला. आमच्या कंपनीने असा विमा विकला असता तर आम्ही ग्राहकांना तोंड दाखवू शकलो नसतो.

मंगळवारचा हिशेब

बाई, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही म्हणालात, ते कधी जिंकूनही येतात. येत असणारच. तेच तर समजून घ्यायला हवं.

समजा भावोजी एका हाताला २० डॉलर लावतात, तासाला ६० हात होतात आणि ते पाच तास बसतात. म्हणजे मंगळवारी ३०० हात, ६,००० डॉलरची उलाढाल. डीलर एक्क्याच्या १७ वर पान घेतो आणि भावोजी एकही चूक करत नाहीत, असं धरू. कॅसिनोचा सरासरी वाटा ४८ डॉलर. आता प्रत्येक एक्क्याला ते आमच्यासारखा विमा घेत असतील, तर बारा हातांत एकदा एक्का, पाच तासांत २५ वेळा, त्याचे आणखी ६२ डॉलर. नीट बघा, विम्याचा तोटा सगळ्या खेळाच्या तोट्यापेक्षा मोठा झाला. दोन्ही मिळून ११० डॉलर.

पण कुठल्याही एका मंगळवारी नशिबाची भरती-ओहोटी ३००-४०० डॉलरची सहज असते. त्यामुळे ११० चं गळणं दिसतच नाही. ढोबळ मानाने पाच मंगळवारांपैकी दोन मंगळवारी माणूस जिंकून येतो, मिठाई आणतो, आणि ते दोनच लक्षात राहतात. माठाला बारीक चीर असली आणि कुणी मधूनमधून त्यात तांब्याने पाणी ओतत असलं की चीर कळत नाही, तसं हे आहे. वर्षाचे ५२ मंगळवार मांडले की कळते. खेळाचे सुमारे २,५००, विम्याचे सुमारे ३,२००. एकूण ५,७०० डॉलर, आणि हे एकही चूक न करणाऱ्या माणसाचे. बसचं भाडं आणि जेवण वेगळं. तक्ता पाठ नसेल तर यात किती भर घालायची ते ज्याने त्याने ठरवावं.

म्हणून आमची सूचना अशी. भांडू नका. "खेळ कळत नाही" हे उत्तर आता तुम्हाला मिळणार नाही. पत्त्यांचे दोन जोड घ्या, आठही दश्श्या काढून ठेवा, आणि एखाद्या संध्याकाळी भावोजींना म्हणा, मला शिकवा. तुम्ही डीलर व्हा. चिंचोके मिळाले नाहीत तर राजमा घ्या. विम्याचे राजमे वेगळ्या वाटीत टाका. शंभर हात खेळा आणि वाटी मोजा. एका संध्याकाळी नशीब कुठेही जाऊ शकतं, म्हणून चार संध्याकाळी खेळा आणि वहीत लिहून ठेवा. मंगळवारचेही आकडे त्याच वहीत लिहायला सांगा, जिंकलेले आणि हरलेले दोन्ही. आमच्या अनुभवाने सांगतो, लिहिलेल्या आकड्याशी माणूस फार काळ वाद घालत नाही.

जायचंच असेल तर ठरलेली रक्कम खिशात, कार्ड घरी. विमा कधीही नाही. बाजूचा गोल कधीही नाही. आणि हरलेले परत मिळवायला म्हणून रक्कम वाढवायची नाही.

वही लिहायलाच नकार आला, किंवा आकडे लपवले जाऊ लागले, तर मात्र प्रश्न पत्त्यांचा राहिला नाही असं समजा. न्यू जर्सीत त्यासाठी १-८००-गॅम्बलर हा मदतीचा फोन आहे, घरच्या माणसांनाही तिथे बोलता येतं. तिथल्या सरकारकडे अशीही यादी आहे की माणूस आपणहून आपलं नाव त्यात घालतो, मग कॅसिनोने त्याला खेळू द्यायचं नाही. ते नाव ज्याचं त्यानेच घालायचं असतं, बायकोला घालता येत नाही. म्हणून आधी बोलणं आलं.

एक शेवटची गोष्ट. मिश्नाच्या सान्हेद्रिन भागात फाशांच्या जुगाऱ्याची साक्ष घेऊ नये असं म्हटलं आहे. तिथेच रब्बी यहूदा म्हणतात, हे कधी, तर त्याला दुसरा उद्योग नसेल तेव्हा. दुसरा उद्योग असेल तर त्याची साक्ष चालते. आम्ही काही पंडित नाही, पण रिटायर झाल्यापासून या वाक्याचा विचार आम्ही बराच केला. आपण माणसं नोकरी सोडतो, देश सोडतो, मुलं आपापल्या कामाला जातात, आणि मंगळवारी सकाळी घरात घड्याळाचा आवाज येतो. बसवाला मात्र नावाने हाक मारतो. कॅसिनोतली मुलगी विचारते, कसे आहात सर, मागच्या आठवड्यात दिसला नाहीत. ११० डॉलर कशाचे जातात त्यात याचाही भाग आहे, आणि तो आमच्या हिशेबात बसत नाही.

भावोजी, म्हणून तुम्हाला एक विनंती. येत्या मंगळवारी तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा इथे दुपार असते. आम्ही रिकामेच असतो. फोन करा. तुमच्या टेबलाचा नियम कोणता आहे, डीलर एक्क्याच्या १७ वर थांबतो की पान घेतो, ते आम्हाला ऐकायचं आहे. आणि विमा घेता की नाही, तेही खरं सांगा. आम्ही तर आमचं सांगून टाकलं.

पुढच्या अंकात बिरड्याच्या उसळीबद्दल लिहू. वाल कसे मोड आणायचे यावर दोन भगिनींत वाद चालू आहे, तो आधी मिटवायचा आहे. तोवर शालोम.